सातव्या ओळीतला चहा

गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याने आपल्या एका भेटीचं संभाषण लिहून आणलेले तीन कागद हातात आले. ते अजून मनातून जात नाहीत. उजवीकडे चार बोटं समास सोडलेला आणि डाव्या कडेला ओळीने आकडे: म १, पा २, म ३, पा ४. पा म्हणजे पाळक, चर्चचा पास्टर; म म्हणजे मावशी. गाव तापीकाठचं, काळ्या मातीचं. मावशीचे यजमान जाऊन दोन महिने झाले होते आणि पाळकीय सेवेचं पदव्युत्तर शिक्षण घेणारा हा मुलगा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वतीने आपणहून तिला भेटायला गेला होता. पहिल्या सहा ओळी तब्येतीच्या, थंडीच्या, कापसाच्या भावाच्या. सातव्या ओळीत मावशी म्हणते, "आते बी दोनच कप ठेवस भाऊ. एक उरी जास." आठव्या ओळीत तो म्हणतो, "मावशी, प्रभू आपले सांत्वन करो. आपण प्रार्थनेसाठी डोळे मिटू या." पुढच्या ओळीला आकडाच नाही. तिथे एवढंच लिहिलंय, 'प्रार्थना केली व निघालो.' भेटीचा एकूण वेळ वर नोंदवला होता: अकरा मिनिटं.

वाचताना आधी राग आला आणि लगेच मागोमाग त्या मुलाची कणवही आली. मुलगा निष्काळजी नाही. ग्रीकच्या तासाला पहिल्या बाकावर बसणारा, उपदेशाची टिपणं दोनदा लिहून काढणारा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडणारा. मावशीच्या घरी जायला त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. एसटीतून उतरून तीन किलोमीटर चालत गेला होता. आणि तिने मात्र जे दोन महिने कोणाजवळ बोललं नव्हतं ते चुलीशेजारी बसून, चहाचं आधण ठेवता ठेवता, सहज सांगितलं. 'दोन कप' आणि 'दोनच कप' यांत फार फरक आहे. मन सांगतं एकाचं पाणी घे, हात मात्र दोघांचं घेतो. तीस-पस्तीस वर्षांचा संसार त्या एका 'च'मध्ये आलाय. तो त्याला ऐकू आला होता, म्हणूनच तर त्याने ओळ जशीच्या तशी लिहून आणली. ऐकू आल्यावर काय करायचं ते मात्र त्याला कळलं नाही, आणि हाताशी असलेली सगळ्यांत जवळची गोष्ट त्याने उचलली. ती म्हणजे प्रार्थना.

भेटीचा असा शब्दन्‌शब्द आठवून लिहिलेला वृत्तांत म्हणजे व्हर्बेटिम. पाळकांच्या शिक्षणात तो जवळजवळ शंभर वर्षांपासून रुळत आलाय. १९२५ च्या उन्हाळ्यात अँटन बॉइसन या अमेरिकन पाळकाने वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे काही विद्यार्थी कामाला आणले. बॉइसन स्वतः १९२० मध्ये तीव्र मानसिक आजारातून गेलेला होता, रुग्णालयाच्या भिंती त्याने आतून पाहिलेल्या होत्या. त्याचं सांगणं असं की, पवित्र शास्त्राचं (बायबलचं) पान जितक्या बारकाईने वाचता तितक्याच बारकाईने समोरचा माणूस वाचा, तोही एक जिवंत दस्तऐवजच आहे. पुढे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये चॅप्लेन (रुग्णालयातला पाळक) रसेल डिक्स रुग्णभेटी लिहून काढू लागला आणि तिथले डॉक्टर रिचर्ड कॅबट यांच्याबरोबर त्या तपासू लागला. यातूनच क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे रुग्णांच्या सोबतीत घेतलेलं पाळकाचं शिक्षण, उभं राहिलं. त्याचं एक युनिट किमान ४०० तासांचं असतं, त्यातले किमान १०० तास मार्गदर्शकासोबत आणि गटात, बाकीचे माणसांच्या उशाशी. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे शिक्षण मिळतं. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एम.डिव्ह. या पाळकांच्या शिक्षणक्रमात मात्र हिब्रू, ग्रीक, जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, सिद्धांत, उपदेशशास्त्र एवढं सगळं बसवता बसवता समुपदेशनाच्या वाट्याला दोन-तीन पेपर येतात. हे पुरेसं नाही असं मला ठामपणे वाटतं. पाळक आठवड्यातून एकदा उपदेश करतो. उरलेले सहा दिवस तो कोणाच्या तरी ओट्यावर बसलेला असतो.

व्हर्बेटिम लिहायची रीत दिसायला सोपी आहे. भेटीच्या वेळी हातात कागद नको, फोनचं रेकॉर्डिंग तर नकोच नको. घरातून बाहेर पडल्यावर पहिल्या झाडाखाली किंवा बसस्टँडवर बसून चार-पाच खुणेचे शब्द टिपून घ्यायचे आणि त्याच रात्री सगळं लिहून काढायचं. चोवीस तास उलटले की आठवण बोललेलं सोडून बोलायला हवं होतं ते लिहू लागते. सुरुवातीला अर्धं पान माहिती: नाव बदलून, वय अंदाजे, आधीपासून काय माहीत होतं, जाताना मनात काय होतं, घर कसं होतं, कोण कुठे बसलं होतं. मग आकड्यांसकट संभाषण. अर्ध्या-पाऊण तासाच्या भेटीतला सगळ्यांत जड झालेला दहा-पंधरा मिनिटांचा भाग पुरतो, त्याचीच दोन-तीन पानं होतात. शेवटी चार प्रश्न: तिला काय वाटत होतं, मला काय वाटत होतं, देव या बोलण्यात कुठे होता, आणि पुन्हा गेलो तर काय वेगळं करीन. विद्यार्थी पहिला आणि तिसरा प्रश्न भरभरून लिहितात. दुसऱ्यापुढे मात्र पेन अडतं. 'मला बरे वाटले' किंवा 'मला दुःख झाले' एवढ्यावर भागवतात.

चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे संभाषण सुधारून लिहिणं. सगळी वाक्यं पूर्ण, कोणी कोणाला तोडत नाही, शेवटी समोरची व्यक्ती 'आता मला शांती वाटते' असं म्हणते, असा कागद आला की तो परत द्यावा. दुसरी म्हणजे शांतता न लिहिणं. बोलता बोलता मावशी अर्धा मिनिट गप्प बसली, पदराने कप पुसत राहिली, तर त्यालाही आकडा द्यायचा असतो, कारण तेही तिचं उत्तरच आहे. तिसरी चूक खान्देशात जास्त जाणवते. इथल्या मंडळ्या लहान, पन्नास-साठ घरांच्या. वळवी, गावित, पाडवी, वसावे ही आडनावं गावोगाव, त्यामुळे नाव बदललं की माणूस झाकला गेला असं मुलांना वाटतं. पण 'नवऱ्याला विहिरीवर सर्पदंश' एवढं लिहिलं तरी गटातल्या तिघांना घर कळतं. म्हणून गाव, धंदा, मुलांची संख्या, मृत्यूचं कारण हेही बदलायचं. लिहिलेला कागद चर्चेनंतर लिहिणाऱ्यासमोर फाडायचा. (इथे मावशीच्या गावाची आणि घरादाराची खूण बदलली आहे. तिला आणि त्या मुलाला विचारूनच हे लिहितोय. चहा आणि पुढे येणारी म्हैस मात्र तिचीच.)

गटात चार ते सहाजण पुरतात, त्याहून जास्त झाले की तो वर्ग होतो. एकजण पाळक होऊन वाचतो, दुसरा मावशी होऊन. ज्याने लिहिलं त्याने मावशी व्हायचं, ही त्यातली खरी मेख. त्या दिवशी त्या मुलाने मावशी होऊन सातवी ओळ वाचली. समोरच्याने आठवी वाचली. आणि वाचता वाचता याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटून गेलं. कोणी काही बोललं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मग तोच हळूच म्हणाला, "मला गप्प केलं त्याने."

अशा वेळी गट लगेच धावून येतो: अरे, तुझा हेतू चांगला होता, प्रार्थना तर केलीसच ना. दुसऱ्याचं अवघडलेपण सहन न झाल्याने केलेली ही समजूत म्हणजे गटात बसून पुन्हा केलेली आठवी ओळच. तिथे मार्गदर्शकाने हात वर करून थांबवायचं असतं. मार्गदर्शकही चुकतो, तो उपदेश देऊ लागतो. त्या तासाला विचारण्यासारखा प्रश्न एकच होता: ती प्रार्थना कोणाला हवी होती?

प्रार्थनेविषयी असं विचारणं कानाला बोचतं, हे मान्य. आम्हा विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणजे शेवटचा आधार, आणि खान्देशातल्या मंडळीत पाळक प्रार्थना न करता उठला तर पाणी न पिता गेलेल्या पाहुण्यासारखं वाटतं. दोष प्रार्थनेचा नव्हेच. पण मांडीवरचं पवित्र शास्त्र उघडलं की घरातली माणसं डोकी झाकून सावरून बसतात, लेकरांना गप्प करतात, आणि बोलणं संपतं. पाळकाला ते ठाऊक असतं. घशाशी काही दाटून आलं, उत्तर सुचेना, की हात आपोआप पुस्तकाकडे जातो. देवाचं नाव घेऊन दार लावलं की ते पुन्हा उघडायची छाती कोणाची होणार?

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवतात. आम्ही उपदेशात त्यांना नेहमी झोडपतो. पण दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही न बोलता, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. ते चुकतात ते तोंड उघडल्यावर. स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं. सेमिनरीत (पाळकांच्या विद्यालयात) या स्तोत्राची हिब्रू वृत्तरचना शिकवली जाते, परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो. शोकाच्या घरी जाताना मात्र पाळकाच्या बोटाला तेवीस आणि एकशे एकवीस या दिलाशाच्या दोनच स्तोत्रांची सवय असते.

दुसरी खंत भाषेची. मावशी अहिराणीत बोलली. मुलाची आईही घरी अहिराणीच बोलते, तो लहानपणी अहिराणीतच रडला, भांडला. पण भेटीत त्याच्या तोंडून आलं ते 'आपले सांत्वन करो'. 'आपले' हा शब्द त्या ओट्यावर कोणी कोणाला म्हणत नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत, उपासना शास्त्राच्या मराठीत, आणि घरची बोली सुट्टीपुरती. अशी तीन वर्षं गेली की मुलं मायबोलीत फक्त जेवण मागतात, देवाबद्दल बोलत नाहीत. नवापूरकडचा मावची बोलणारा मुलगा असो की धडगावकडचा पावरी बोलणारा, त्यांचं अंतर आणखी लांब. बंगालमधल्या सेरामपूरच्या विल्यम केरी या मिशनऱ्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. लोकांची भाषा आल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. त्याच सेरामपूरच्या नावाने दिलेल्या धर्मशास्त्राच्या पदव्या आज देशभर चालतात, आणि पदवी घेऊन आलेल्या मुलाला पुन्हा आईच्या बोलीत उतरायला शिकवावं लागतं. एक साधा सराव उपयोगी पडतो. समोरच्याचा शेवटचा शब्द त्याच्याच बोलीत, प्रश्नचिन्ह न लावता, परत म्हणायचा. "एक उरी जास..." एवढंच, आणि थांबायचं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने सांगितलेली समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. तोही दोन वर्षं न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकून मग मानसशास्त्राकडे वळला होता.

प्रश्न विचारायचाच झाला तर 'का' टाळावा. 'का'ला लोक कैफियत देतात. 'का नाही जेवल्या?' म्हटलं की मावशी कारण शोधू लागते. 'जेवणाचं कसं चाललंय?' म्हटलं की ती भाकरीबद्दल बोलते, आणि भाकरीबद्दल बोलता बोलता माणसाबद्दल. बसायची जागाही शिकवावी लागते. पाळकाला खाट किंवा प्लास्टिकची खुर्ची देतात आणि बाई खाली जमिनीवर बसते. मग तिला मान वर करून बोलावं लागतं, आणि मान वर करून रडता येत नाही. शक्य तिथे आपणही खाली बसावं. एकट्या बाईशी बोलताना दार उघडं हवं, आणि घरातलं कोणीतरी दिसेल इतक्या जवळ पण ऐकू येणार नाही इतक्या लांब, अंगणातल्या कडुनिंबाखाली वगैरे. शेजारणी जमणारच. त्यांना हुसकावू नये. "मी जरा मावशीशी बोलतो, मग तुमच्याकडेही येतो," म्हटलं की त्या ऐकतात, आणि मग खरंच त्यांच्याकडे जावं लागतं. पाऊण तासाच्या वर बसू नये. तिला म्हशीचं बघायचं असतं, आणि पाळक उठत नाही म्हणून ती उठू शकत नाही.

नुसतं ऐकून भागत नाही अशाही वेळा असतात, आणि तिथे न शिकलेल्या चांगुलपणाने जीव जातो. कापसाच्या पट्ट्यात 'औषध' या शब्दाला दोन अर्थ. "त्यानी औषध पी लिधं" म्हणजे फवारणीचं. म्हणून कोणी 'रात्री झोप लागत नाही, औषध घ्यावं वाटतं' म्हणालं तर मान डोलावून पुढे जाऊ नये. सरळ विचारावं, "कोणतं औषध? जीव द्यायचं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. मग पुढचे प्रश्न: कसं करायचं ठरवलंय, ते घरात आहे का, कधी. उत्तरं हो येत असतील तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातला माणूस बरोबर घ्यायचा, डबा त्याच दिवशी घराबाहेर काढायचा, जिल्हा रुग्णालय गाठायचं. रात्रीची वेळ असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे चोवीस तास माणूस बोलतो. पोलिसांच्या भीतीने लोक दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही, हे पाळकाला तोंडपाठ हवं.

दारूचंही तसंच. तीन दिवसांची कन्व्हेन्शन, म्हणजे मोठी प्रार्थनासभा, असते, पहिल्या रात्री वीस वर्षं रोज मोहाची पिणारा माणूस पुढे येऊन गुडघे टेकतो, बाटली फोडतो. सगळे रडतात, गातात. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत त्याचे हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान त्याला भिंतीवर किडे दिसू लागतात, घामाने अंथरूण भिजतं, माणसं ओळखू येत नाहीत. हा झटका जीवघेणा असतो. नेमकी तीच कन्व्हेन्शनची शेवटची रात्र, आणि मंडपातले लोक म्हणतात, भूत निघतंय, अजून जोरात प्रार्थना करा. त्या रात्री पाळकाने गाडी काढून त्याला दवाखान्यात न्यायचं असतं, आणि प्रार्थना गाडीत करायची असते. चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलसारखी जागा जवळ असणं हे नवापूर भागाचं भाग्य. सगळ्या पाड्यांना ते लाभत नाही, म्हणून कोणत्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो याची यादी पाळकाच्या शास्त्राच्या मुखपृष्ठाआत चिकटवलेली असावी.

आणि लेकराने काही सांगितलं तर? 'हे कोणाला सांगणार नाही' असं वचन पाळक पटकन देऊन बसतो. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिलीच पाहिजे, न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे. मंडळीची अब्रू, आरोपी मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातला असणं, यातलं काहीही आड येत नाही. म्हणून गुप्ततेची हद्द बोलणं सुरू होण्याआधी सांगायची असते, शेवटी नाही. लग्नाआधीच्या समुपदेशनातही वेळेलाच मोल. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणाला आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. मंडळीत तीन रविवार लग्नाची सूचना वाचली जाते. तिच्यानंतर तपासणी सुचवली तर ती मुलीच्या माथ्यावरचा डाग होते. म्हणून युवक-युवतींच्या सभेतच, कोणाचं काही ठरण्याआधी, सगळ्यांची तपासणी करून घ्यायची. पाळकाने स्वतःच्या लेकरांपासून सुरुवात करायची.

नेतृत्वाचा पेपर वेगळा असतो खरा, पण मला तो या सगळ्याचाच शेजारी वाटतो. दानाची थैली दोघांनी मिळून, त्याच दिवशी, उपासनामंदिरातून बाहेर पडण्याआधी मोजायची आणि वहीवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. हे शिकवायला अर्धा तास लागतो, आणि हे न झाल्याने मंडळ्या वीस-वीस वर्षं कोर्टात झिजतात. पण सभेत वडीलमंडळातले एखादे वयस्क गृहस्थ खाली बघत म्हणतात, "हिशोब बरोबरच असेल म्हणा." तिथेही 'च' आहे. नवा पाळक म्हणतो, "धन्यवाद दादा, पुढचा विषय." ती आठवी ओळच झाली.

अंतर वर्गातल्या वेळापत्रकाचंही आहे. इंटर्नशिप जूनला सुरू होऊन मार्चला संपते. नंदुरबार-साक्रीकडची पुष्कळ मंडळी दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परतते. ज्यांचं दुःख शिकायचं ते डिसेंबरात बारडोलीकडच्या फडात पालाखाली झोपलेले असतात. मुलांना तिकडे पाठवायला हवं, निदान चार दिवस. फडात पहाटे चारला कोयता चालू होतो आणि बोलायला वेळ मिळतो तो रात्री मोळ्या भरून झाल्यावर. दिवसभर वाढे वेचलेल्या बाईजवळ तेव्हा सांत्वनाचं प्रवचन घेऊन बसता येत नाही, ती बसल्या जागी झोपते. तिच्या लेकराला मांडीवर घ्यावं आणि तिला झोपू द्यावं. याचं व्हर्बेटिम कसं लिहायचं हे मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, तेवढंच लिही.

तो मुलगा महिन्याभराने मावशीकडे पुन्हा गेला. कोणी सांगितलं नव्हतं. नवा कागद आला तेव्हा त्यात पहिल्या ओळीपासून अहिराणी होती, शुद्धलेखन जमेल तसं. खाटेवर न बसता तो चुलीजवळच्या पाटावर बसला होता. तिसऱ्याच ओळीत त्याने म्हटलं होतं की, मावशी, त्या दिवशी तुम्ही चहाचं सांगितलं आणि मी उठून गेलो. मग कंसात: शांतता, साधारण एक मिनिट, मावशी भुगा चुलीत सारत होती. मग तिचं वाक्य, "त्यासले गुळनाच लागे." त्यांना गुळाचाच लागायचा. पुढे दीड पान गूळ, साखरेची चिडचिड, त्यांचा एक शर्ट, दवाखान्यातली शेवटची रात्र. त्या दीड पानात त्याच्या वाट्याची वाक्यं मोजली तर सहा, सगळी चार शब्दांच्या आतली. एका ठिकाणी त्याने समासात लिहिलं होतं: इथे मला प्रार्थना करावीशी वाटली, केली नाही, मी घाबरलो होतो. दुसऱ्या प्रश्नाला त्याने पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं होतं.

शेवटी तो उठला, आणि दारातून तिनेच विचारलं, "आज प्रार्थना नही करस का भाऊ?"

हे वाचून गटातला एकजण म्हणाला, बघा, तिला हवीच होती. हो, हवीच होती. मुलगा दारातून परत फिरून बसला आणि त्याने विचारलं, काय मागू? हा प्रश्न पहिल्या कागदात कुठेच नव्हता. मला वाटलं होतं ती शांती मागेल, बळ मागेल, मुलांसाठी काही मागेल. आकडा म १९. "म्हैसना साठे कर. दूध आटी गयं तिनं. तिले त्यासना हात लागे." म्हशीला त्यांच्याच हाताची सवय होती. दुसऱ्या कोणी कास धरली की ती पान्हा चोरते, हे खान्देशातलं शेंबडं पोरही सांगेल.

पा २०: म्हशीसाठी प्रार्थना केली. मावशीने डोळे पुसले नाहीत. प्रार्थना झाल्यावर आम्ही दोघं गोठ्यात गेलो.